नळीतली वाळू

लक्षद्वीपहून गोणीत आलेली वाळू
खडकीच्या प्रयोगशाळेत नळीत भरते आहे.
पांढरी. आम्लाचा थेंब पडला की फसफसते,
दगड कुठला, शिंपल्या-पोवळ्यांचा चुरा.

पहिल्यांदा मी ठोकून ठोकून भरली.
कुदळेमामा म्हणाले, "बाई, ही नदीतली नव्हे.
मोडते. मोडली की पीठ, पीठ झालं की वाट बंद."
खरंच, दहा मिनिटांत मोजपात्रात
जेमतेम चहाचा घोट.

आता हलक्या हाताने.
पाणी खडकवासल्याचंच, पण उकळून निववलेलं,
नाहीतर हवेचा एखादा बुडबुडा
फटीत ठाण मांडून बसतो
पेठेतल्या जुन्या भाडेकरूसारखा.

थेंब. थेंब. वहीत आकडा.
मधल्या वेळात भिंगाखाली एक कण:
त्याच्या पोटात खोल्या,
तिळाहून लहान कुणीतरी बांधलेल्या,
दार एकच.
तिथे शिरलेलं पाणी खाली येत नाही.
सूत्रात ते पोकळीत धरायचं,
वाहण्यात नाही.

मामा किल्ल्या वाजवतात.
ओली वाळू ताटलीत काढून
भट्टीत ठेवते, एकशे पाच अंशांवर.
सकाळी वजन करीन
खोल्यांतून रातोरात
काय निघून गेलं त्याचं.