शेपटी

न्गाउंडेरेच्या पठारावर चाळीस गाईंना टोचलं,
शेपटीच्या टोकाला, शिकवलं होतं तसं.
महिन्याने आलो तर
तांबडीची शेपटी सुजून काळी,
दाव्यापाशी गळालेली.
“हजारात एखादीला होतं,” मी म्हणालो.
दिद्जा म्हणाली, “माझ्याकडे हजार नाहीत.”

मग माश्यांचे दिवस आले.
धाकटी अस्ताजाम फांदी घेऊन
दिवसभर तिच्या मागे,
धार काढतानाही. संध्याकाळी
पोरीचा दंड भरून यायचा.

यंदा नदीपलीकडे कळपचे कळप खोकत बसले.
मी पुन्हा गेलो. बर्फाची पेटी उघडली.
कुणी काही बोललं नाही.
दिद्जाने तुंब्यातून दूध दिलं,
कुणाचं ते मी विचारलं नाही,
आणि तांबडीलाच सगळ्यांत आधी पुढे ओढलं.

सवयीने माझा हात
शेपटीकडे गेला.