सोमवारची गाडी

सोमवारी सकाळी गाडी येते उद्यमनगरात,
सतरा सीटची, रात्री अडीचला घाट चढून आलेली.
इकबाल मुजावर चावी फेकतो
आणि रस्त्यापलीकडं चहाला जातो.
मी दार उघडते. आधी वास.
मग मॅट उचलते, आणि झटकायच्या आधी
चिमूटभर तळहातावर घेते.

काळी, जड असली की रत्नागिरी, मांडवी.
आंबा घाटात मागच्या सीटवर कुणीतरी ओकलेलं असतं, हमखास.
पिवळसर, बोटाला चिकटणारी : गणपतीपुळे,
सोबत नारळाची शेंडी, प्रसादाचा कागद.
चाकाच्या कमानीत लाल चिखल गच्च
म्हणजे फोंडा उतरून कुणकेश्वर.
भोगव्याची पांढरी, जाड रव्यासारखी,
चार धुण्यांनीही निघत नाही.

मालकीण विचारते, तू कधी गेलीस गं तिकडं?
मी म्हणते, दर सोमवारी.

मागच्या खेपेला सीटखाली
कुणा पोराचा ओला मोजा सापडला.
फवारा मारणार, तेवढ्यात मोजा हलला.
आत शंख. शंखातून पाय.
पायांमागं दोन डोळे, मोहरीएवढे.

नळाचं पाणी गोडं. घरून खडेमीठ आणलं.
किती घालायचं?
समुद्र किती खारट, हे विचारायचं कुणाला?
आमटीच्या अंदाजानं घातलं,
मग अजून एक मूठ.

इकबाल म्हणाला, सोड की रंकाळ्यात.
"मरंल तो."
बरं, शनिवारी देवगडला चाललोय, तिथं टाकतो.
मी मोजा उलटा केला.
शिवणीत वाळू होती, जाड, पांढरी.
"देवगड न्हवं. भोगवे."
"आता वाळूवर गावाचं नाव लिवलेलं असतंय व्हय?"

तरी वाट वाकडी करून गेला.
श्रीखंडाचा डबा, झाकणाला सुईची भोकं,
डॅशबोर्डवर, बाबांच्या फोटोशेजारी.

रात्री नऊला फोन.
बराच वेळ नुसता आवाज,
काहीतरी मोठं ओढत नेल्यासारखा, परत आणून टाकल्यासारखा.
मला वाटलं, ट्रक.
"गेला," इकबाल म्हणाला.
"मागं वळूनसुदिक बघितलं न्हाई."

आज डबा परत आलाय, न धुता.
तळाशी घोटभर पाणी.
बोट बुडवून जिभेला लावलं.

माझं मीठ कमीच पडलं होतं.