पाच वॉट

सोमवारी बारा पॉइंट सहा.
शनिवारी बारा पॉइंट एक.
दोन्ही आकडे मी दुधाच्या बिलामागे लिहिलेत,
आणि मधले पाच दिवस गाडी
घणसोलीत सबस्टेशनच्या भिंतीलगत नुसती उभी होती.
भिंतीपलीकडे अख्ख्या शहराची वीज गुणगुणते,
अलीकडे आमचा फ्रिज एकदा कण्हतो
आणि गप्प होतो.

कुंदा म्हणते, फार कुठे पडला आकडा,
बारा म्हणजे बाराच की.
मागच्या महिन्यापर्यंत मलाही तसंच वाटायचं.
पण बॅटरीचं गणित तापासारखं असतं:
अठ्ठ्याण्णव आणि एकशे दोन, अंतर चारच,
आणि सगळं घर जागं.

नणंद-भावजयीनं मिळून घेतलेली ही गाडी
आधी कुठल्याशा ट्रस्टची रुग्णवाहिका होती.
स्ट्रेचरच्या जागी पलंग,
सलाइनच्या हुकाला कांद्यांची पिशवी.
घरचे म्हणाले, या वयात?
कुंदा म्हणाली, या वयात रुग्णवाहिकेत झोपायचंच असतं,
निदान आपल्या मर्जीनं.

मीटर मी ऐरोलीहून आणला, साडेतीनशेचा.
पहिल्यांदा लावला तर म्हणाला, उणे बारा.
मी घाबरले, वीज उलटी वाहायला लागली की काय.
कुंदानं माझ्या हातातल्या दोन तारा अदलाबदल केल्या
आणि चहा टाकायला गेली.

टर्मिनलवर हिरवट-पांढरी साय धरली होती.
गरम पाण्यात खायचा सोडा कालवून ओतला,
फसफसलं, जुन्या टूथब्रशनं घासलं, चकचकीत केलं,
रात्रभर चार्जिंगला लावली.
पाच दिवसांनी पुन्हा तेच.

तुर्भ्याचे जयवंत मढवी आले बघायला.
नवी गळ्यात मारतील म्हणून मी पर्स घट्ट धरून बसलेली.
त्यांनी बॅटरीवर हात ठेवला, जसा गाईच्या पाठीवर ठेवतात.
"बाय, ही नाय मेली गो.
कोन तरी पितंय तिला रातचा."
काढताना काळी आधी, लावताना काळी शेवटी,
एवढं माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं
आणि दोन केळी खाऊन गेले.

मग सगळं बंद केलं.
काळी तार सोडवून मीटर तिच्या वाटेत बसवला,
टोलनाक्यासारखा: जे जाईल ते इथूनच जाईल.
शून्य पॉइंट चार.
एकेक फ्यूज उपटत गेले.
पंप. चार.
पंखा. चार.
फ्रिज, मोबाइलचं चार्जर, मागचा दिवा.
चार, चार, चार.
शेवटचा हातात आला तरी चार.
म्हणजे पिणाऱ्याचं नाव यादीतच नव्हतं.

तेव्हा एका मळक्या तपकिरी वायरीचं बोट धरून
मी गुडघ्यांवर निघाले.
मॅटखालून, पलंगामागून, प्लायवूडच्या आत.
अकरा स्क्रू निघाले, बारावा झिजलेला.
फळी जरा वाकवून आत डोकावले तर
बोटाएवढा दिवा.
पिवळा, धुळीनं माखलेला, पेटलेला.
चार महिने सुतारानं कोंडलेला, तरी पेटलेला.
पूर्वी जिथे पेशंटचं डोकं यायचं
बरोबर त्याच्या वर.
फ्यूज नाही, बटण नाही, थेट बॅटरीवरून ओढलेला.
काहीही झालं तरी हा विझता कामा नये,
असं कुणा वायरमनला वाटलं असणार.

पाच वॉट.
दिवसाला दहा, पाच दिवसांत शंभरातली अर्धी.
हिशोब इतका तंतोतंत जमला
की खरं तर नाचायला हवं होतं.
पक्कड माझ्या हातात होती.
कुंदा पलंगावर आडवी झाली,
उशी त्या टोकाला सरकवून वर बघत राहिली.
"काप की," म्हणाली.
मग म्हणाली, "थांब जरा."

दुपारी नाक्यावरून तीस रुपयांचं बटण आणलं,
आणि एक फ्यूज.

आज शनिवार. बारा पॉइंट सहा.
बिलामागची जागा संपली.
फ्यूजच्या डब्यावर चिकटवलेल्या यादीत
शेवटी एक नाव वाढलंय, कुंदाच्या अक्षरात:
डोक्यावरचा.