पेन्सिलीनं लिही

पेन्सिलीनं लिही, सुमंगला मॅडम म्हणाल्या,
शाई स्पिरिटात विरघळते.
म्हणून पेन्सिलीनं:
एकतीस. गवा. मादी असावी.
पारवाडच्या वरची वाट, ओहोळाच्या अलीकडं.
सकाळी सहा चाळीस. ऊन नाही. माश्या नुकत्याच.

ताजं की शिळं हे मला कुणी शिकवलं नाही.
पंचवीस वर्षं गोठा काढला, शेणी थापल्या.
म्हैस गाभण आहे की नुसतंच पोट बिघडलंय
हे पोवट्याकडं बघून कळायचं.
आता तेच हात हातमोज्यात,
आणि दिवसाला मजुरी.

मधलं घ्यायचं, कडेचं नको.
मुतानं भिजलेलं तर नकोच नको.
चार जागचं उचलून काडीनं कालवायचं,
कारण भीती सगळीकडं सारखी पसरत नाही.
भीती हा शब्द माझा.
मॅडम हार्मोन म्हणतात.

लिंबाएवढा गोळा, चौपट स्पिरिट,
झाकण घट्ट, मग हलवायचं
ताक घुसळल्यागत.
उशीर झाला की आतले जंतूच खाऊन टाकतात
काल रात्री जनावरानं काय सोसलं ते.
उन्हानं सुकलं, आकडा खोटा.
पावसानं धुतलं, आकडा खोटा.
शेणकिडे आमच्या आधी पोचलेले असतात,
पाठमोरे गोळे ढकलत निघालेले,
त्यांना ना बाटली ना चिठ्ठी.

कोळसुंद्यांचं निराळं.
तीन वाटा मिळतात तिथंच बसतो सगळा कळप,
रोज त्याच जागी.
पुनाप्पा म्हणतो, त्यांचं वर्तमानपत्र आहे ते.
मी नाक धरून वेचते:
सांबराचे केस, खुराची कपची,
एकदा निळ्या दोरीचा तुकडा.

शनिवारी कणकुंबीच्या नाक्यावर जीप अडवली.
गोव्याकडून येणारं प्रत्येक झाकण तिथं उघडतं.
अठ्ठेचाळीस बाटल्या, आणि वास तर येणारच.
'एनिदु?' शिपायानं विचारलं.
मग माझं लुगडं बघून, 'काय हाय ह्यात?'
'शेण.'
'कशात?'
'दारूतच म्हणा.'

तो हसला नाही.
परवाना कन्नडात, चिठ्ठ्या मराठीत.
एकतीस नंबर उचलली, हुंगली,
तोंड फिरवलं.
मॅडम कन्नडात समजावत राहिल्या,
मला त्यातलं निम्मं कळलं:
सुरुंग, रात्रीच्या गाड्यांचे दिवे, पार्ट्या करणारे लोक,
घाबरलं की अंगात एक रस उतरतो,
तो दुसऱ्या दिवशी शेणातून बाहेर पडतो.
म्हणजे हे आजचं नव्हे, कालचं.

शिपाई बाटली हातात धरून उभा.
मागं ट्रक हॉर्न मारतोय.
'माणसाचंबी कळतंय काय, असं?'
'कळतं,' मॅडम म्हणाल्या.
'कुठं करतात ते?'
त्यांनी नाव सांगितलं, हैदराबादचं.
'लांब हाय,' तो म्हणाला.
मग आपणहून सांगितलं, बिऱ्हाड रायबागेत,
रात्रपाळी दोन वर्षं,
पोरगी फोनवर बोलत नाही.
झाकण त्यानंच लावलं,
आमच्यापेक्षा घट्ट.

जांबोटीच्या पुढं बघितलं तर
एकतीसची चिठ्ठी त्याच्या अंगठ्यानं पुसलेली.
घामानं पेन्सिलही जाते, हे मॅडमना ठाऊक नव्हतं.
जीप खड्ड्यांतून चाललेली, मी आठवून लिहिते.
गवा. ओहोळाच्या अलीकडं. सहा चाळीस.

मादी असावी, इथं हात थांबला.
त्या सकाळी पोवटा बघूनच मनात आलेलं,
गाभण आहे ही.
मॅडमचं यंत्र दोन महिन्यांनी सांगेल ते.
चिठ्ठीवर रकाने पाच,
त्यात अंदाजाला जागा नाही.
मी चिठ्ठी उलटी केली,
आणि पेन्सिलीला टोक काढलं दातांनी.