राजसीला, पंधरा किलोंत

राजसी, आधी ती निळी पँट बाहेर काढ.
निळ्या-काळ्या रंगावर तिथली माशी धावून येते,
जाड कापडातूनसुद्धा चावते.
मातकट काहीतरी घे, मंगळ बाजारात मिळेल,
भाव मात्र गुजरातीत कर.

पिवळ्या तापाची लस अहमदाबादला,
निघायच्या निदान दहा दिवस आधी.
कार्ड पासपोर्टलाच रबर लावून ठेव.
हिवतापाच्या गोळ्यांनी स्वप्नं पडतात विचित्र.
मला खंडेराव मार्केट पाण्याखाली दिसायचं
आणि भाजीवाल्या होडीत बसून कोथिंबीर शिंपडायच्या.
घाबरू नकोस. गोळी चुकवू नकोस.

छोट्या विमानाला पंधरा किलो चालतात.
बॅग काट्यावर ठेवतात, मग तुलाही उभं करतात
आणि आकडा मोठ्यानं वाचतात.
लाजायचं नाही. चिवड्याचा डबा आधी आईकडे देऊन
काट्यावर चढायची युक्ती इथे चालेल,
तिथे आई नसते.

इस्त्रीचं सांगते, हसू नकोस.
दोरीवरच्या ओल्या कपड्यांत एक माशी अंडी घालते,
अळी कातडीखाली घर करते.
म्हणून सगळं, अगदी आतले कपडेसुद्धा, कडक इस्त्री.
इथे आपण नाक्यावरच्या नटुभाईकडे
गठ्ठा टाकून मोकळ्या होतो.
तिथे कोळशाची एक इस्त्री आणि नऊ माणसं.
पीएचडीच्या चार वर्षांत
माझं सगळ्यात नियमित काम तेच.

तू विश्वामित्रीकाठची, मगरी बघत वाढलीस,
तुला वाटेल, पाण्याचं काय सांगता मला.
मगर दिसते तरी.
तिथे संथ, घोटाभर, काचेसारख्या पाण्यात
गोगलगाय असते नखाएवढी,
आणि तिच्यातला किडा तुझ्या रक्तात उतरतो.
पाय घालू नकोस, कितीही ऊन असो.

दिवे सात ते नऊ.
गाडीला गारी, आंब्याला एम्बे, चपातीला चपातीच,
एवढ्या शिदोरीवर पहिला आठवडा निघतो.
पण नमस्कार लांब असतो.
घर कसं आहे, रात्र कशी गेली, शेत काय म्हणतं,
ते सगळं झाल्याशिवाय कामाचं बोलत नाहीत.
मी घाई करायचे.
बार्नाबा थांबायचा, माझी घाई संपेपर्यंत,
आणि मग पुन्हा पहिल्यापासून विचारायचा
घर कसं आहे.

उंबराखाली मान वर करून तो धनेश मोजायचा,
मी लिहायचे. संध्याकाळी तो आकडे तपासायचा.
शेवटच्या वर्षी वही लांब धरायला लागला,
मग आणखी लांब, मग हात पुरेना.
म्हणाला, पुढच्या वेळी एक चष्मा आण.
पुढच्या वेळी, म्हटलं, नक्की.
मग बाबांचा निरोप आला.
अर्ध्या रात्री निघाले, इस्त्री तापलेली तशीच ठेवून,
कुणाचं घर, कुणाची रात्र न विचारता.
मग नोकरी लागली. मग सहा वर्षं.

काल रावपुऱ्यात चष्मेवाल्यानं विचारलं, नंबर?
मी हात लांब करून दाखवला,
इतक्यावर वही धरायचा.
तो म्हणाला, बेन, हात तुमचा, डोळे त्याचे,
मी काय समजू?
तरी दोनचा काढला, अडीचचा काढला.
मी सहा वर्षं धरली आणि म्हटलं, तीनचाही द्या.

तिन्ही मोज्यांत गुंडाळलेत.
वजन केलंय, एकशे दहा ग्रॅम,
तेवढा चिवडा कमी कर.
तो भेटला की लगेच बॅग उघडू नकोस.
घर विचार, रात्र विचार, शेत विचार,
त्यानं विचारलेलं सगळं सांग,
माझ्याबद्दल विचारलं तर तेही.
मग एकेक लावून बघायला दे,
हातात वही देऊन.
कोणता बसला ते कळव,
मी नंबर लिहून ठेवते.