डोळ्यांत तेल घालून

"डोळ्यांत तेल घालून बघा," म्हणाले कोठावळे सर
आणि स्वतःच्याच विनोदावर खोकला येईस्तोवर हसले.
पेपर तिसरा, घटक चार, तेलाचं राजकारण.
सोमवारी दोन पानं लिहून आणायची:
कोणता देश, कुणाचा हात, सत्ता कशी उलथली.

विद्यापीठाच्या गेटवरून केएमटी धरून
आम्ही चौघीजणी, आणि अवधूत खुरपे,
जो कुठल्याही सिनेमाला येतो.
ओळखपत्रावरचा माझा फोटो घासून घासून
कुणाचाही झाला होता. तिकीटवाल्यानं तरी सवलत दिली.
नीलोफर बारगीरनं जयसिंगपूरचं भडंग
ओढणीच्या घडीतून आत नेलं.

पडदा. वाळवंट. दुसऱ्याच मिनिटाला एक टँकर येतो, थांबतो.
ड्रायव्हर उतरतो, कमरेवर दोन्ही हात टेकून
पाठ मागं वाकवतो,
घरासमोर उतरल्यावर आबा वाकवतात तश्शी.
आणि आभाळ पेटतं.
त्या जाळातूनच सिनेमाचं नाव आलं.
मागच्या रांगेत कुणीतरी शिट्टी मारली.

पुढं सगळं होतं:
मंत्री, मंत्र्याचा मेहुणा, हॉटेलच्या लिफ्टमधली बॅग,
नकाशावर पट्टी ठेवून रेघ मारणारा माणूस.
एका सहीनं तीन बंदरं विकली.
अवधूत कानात म्हणाला, "मेहुणाच असणार, लिहून घे."
मी लिहून घेतलं.
पण मी अजून त्या टँकरपाशीच होते.

आबा हजारवाडीच्या डेपोतून भरतात,
गगनबावड्याच्या पंपावर ओततात.
वर चढायचं, झाकण उघडायचं, पट्टी बुडवायची,
ओल्या रेघेला बोट लावून आकडा वाचायचा.
एप्रिलात घाट चढेपर्यंत तेल उडतं थोडं,
हवेचं हवेत. त्याला घट म्हणतात.
ती पगारातून जाते.
एकदा नऊ लिटरसाठी
ते पंपमालकाशी तासभर वाद घालत बसले होते,
आणि मी केबिनमध्ये, पाचवीतली,
पाठीमागच्या अक्षरांचं स्पेलिंग पाठ करत:
अत्यंत ज्वलनशील.

मध्यंतरात फोन लावला. बंद.
डेपोत शिरताना गेटवरच्या लाकडी पेटीत फोन टाकावा लागतो,
माहीत आहे मला.
तरी दोनदा लावला.

शेवटी मेहुणाच निघाला.
दिवे लागले, पोरं उठली,
झाडूवाला पॉपकॉर्न लोटत माझ्या पायांपर्यंत आला.
"ताई, संपला."
नावं अजून वर सरकत होती,
केस विंचरणाऱ्यांची, उंट पुरवणाऱ्यांची.
खूप खाली, एका श्वासापुरतं दिसलं:
ड्रायव्हर नंबर दोन.
पुढं एका माणसाचं नाव होतं, लांबलचक,
वाचून होईपर्यंत छतात गेलं.
नंबर एक कोण, ते सिनेमाभर कुठं आलंच नाही.

बाहेर ऊन. पंपासमोर रिक्षांची रांग,
कागदाच्या पुड्यात ओली भेळ, अवधूतचा मेहुणा-पुराण.
बसमध्ये मी वहीचं पान उघडलं,
"कोणता देश" लिहून खाली रेघ ओढली,
आणि बस शिरोली नाक्याकडं नाही, सायबर चौकाकडं वळते
एवढं बघत बसले.

रात्री साडेनऊला आबांचा फोन आला.
"किती मिस कॉल गं? पैसे पाहिजेत काय?"
"नको. सिनेमाला गेलो होतो आम्ही."
"कसला?"
"तेलाचा."
"त्यात काय बघायचं असतंय?"
मी सांगितलं. टँकर येतो, थांबतो, माणूस उतरतो.
पाठीचं नाही सांगितलं.
पलीकडं चुळबुळ झाली, बाजेची असावी,
मग त्यांनी नीट, कामाच्या आवाजात विचारलं:
"उतरल्यावर पहिल्यांदा अर्थिंगची तार लावली का त्यानं?"

मी डोळे मिटून सगळं परत बघितलं.

"नाही."

"मग," आबा म्हणाले, "त्याला कुणी शिकवलंच नाही बघ."