पुढची सीट

डंडीत त्या सकाळी पाऊस नव्हता, नुसती ओल होती.
स्ट्रूअनच्या जाकिटात चीजची सहा पाकिटं,
तिसऱ्यांदा, त्याच दुकानातली.
त्याने हात पुढे केले, सवयीने.
मी म्हटलं, गाडीत बस. पुढे.
पोलिसांच्या गाडीत तो पुढे कधी बसला नव्हता;
पट्टा कुठे अडकवायचा, शोधत राहिला.

दवाखान्यात इशबेलने खुर्ची राखून ठेवलेली.
मागच्या वर्षी आम्ही दोघी कडाकडा भांडलो होतो.
ती म्हणे, तुझी वर्दी बघून माझे पेशंट
मागच्या दाराने पळतात.
मी म्हणे, त्याच मागच्या दाराशी माल विकला जातो.
दोघींचंही खरं होतं.
आता माझ्याकडे तिचा नंबर आहे.

रक्तदाब, दोन फॉर्म, पुष्कळ प्रश्न,
मग हिरवं औषध, बोटभर पेल्यात.
"उद्या?" इशबेलने विचारलं.
तो माझ्याकडे बघत राहिला,
उत्तर माझ्या नोंदवहीत असल्यासारखा.

चीज मी परत नेऊन दिलं.
दुकानदार म्हणाला, पुन्हा येईल तो.
येईलही, मी म्हटलं.
एक पाकीट पार चेपलं होतं. त्याचे पैसे भरले,
आणि रात्री, उभ्याउभ्याच,
ब्रेडवर घालून खाल्लं.